सांघिक बुद्धिबळ स्पर्धेच्या गुणांकनासाठी डेस्कटॉप सॉफ्टवेअर घ्यावे की वेबवरचे?

मागचे_प्यादे
आमच्या मंडळाच्या सांघिक जलद बुद्धिबळ स्पर्धेत यंदा ३६ संघ अपेक्षित आहेत. प्रत्येक संघात चार खेळाडू आणि एक राखीव, स्विस पद्धतीने (दर फेरीला साधारण सारख्या गुणांच्या संघांची जोडी लावून) सात फेऱ्या, दोन दिवस, आणि खेळ दोन वेगळ्या दालनांत. म्हणजे प्रत्येक फेरीत १८ सामने आणि ७२ पट. दोन फेऱ्यांमध्ये फार तर वीस मिनिटे मिळतील, आणि तेवढ्यात निकाल भरणे, जोड्या लावणे, त्या जाहीर करणे आणि पुढच्या फेरीसाठी संघांच्या याद्या घेणे हे सारे उरकायचे आहे.

समितीत दोन तट पडले आहेत. काहींचे म्हणणे असे की, डेस्कटॉप सॉफ्टवेअर एका लॅपटॉपवर बसवावे, एकाच माणसाने ते सांभाळावे आणि निकाल तेवढे इंटरनेटवर चढवावेत. दुसऱ्या तटाला, ज्यात मीही आहे, वेबवरची प्रणाली हवी आहे; कारण दोन्ही दालनांतले पंच आपापल्या फोनवरून निकाल भरू शकतील आणि भिंतीवरच्या कागदाभोवती होणारी गर्दी टळेल. वैयक्तिक स्पर्धांबद्दल पुष्कळ लिहिलेले सापडते, सांघिक स्पर्धांबद्दल फारच थोडे. म्हणून कोणते सॉफ्टवेअर चांगले एवढेच न सांगता, काम कुठे अडते ते जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

तिरका_उंट
माझे मत डेस्कटॉपला. स्विस-मॅनेजर विंडोजवर चालते, वेगा विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते, आणि दोन्हींत जोड्या लावण्याचे काम इंटरनेटशिवाय पूर्ण होते. बुद्धिबळ ऑलिम्पियाडसारखी देशांच्या संघांची प्रचंड स्पर्धासुद्धा स्विस-मॅनेजरवर चालवली गेली आहे आणि तिचे निकाल चेस-रिझल्ट्स या संकेतस्थळावर फेरीनिहाय पाहता येतात. थोडक्यात, हिशोब लॅपटॉपवर आणि प्रसिद्धी वेबवर अशी विभागणी आधीपासूनच रूढ आहे, त्यामुळे गर्दी टाळण्यासाठी वेबवरच्या प्रणालीची गरज नाही. जोड्या चढवल्या की लोक त्या फोनवरच पाहतात.

खरा फरक इंटरनेट गेल्यावर दिसतो. डेस्कटॉपवर काम करत असाल तर लोकांना निकाल उशिरा दिसतील, पण पुढची फेरी वेळेवर सुरू होईल. वेबवरच्या प्रणालीत मात्र जोड्याच लागणार नाहीत आणि १८० माणसे तुमच्याकडे पाहत उभी राहतील.

अर्धा_गुण
वीज गेली की दोन्ही सारखेच.

तिरका_उंट
@अर्धा_गुण, लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. प्रिंटरलाही नसते, हे मात्र मला मान्य करावे लागेल.

न_खेळणारा_कर्णधार
वरच्या चर्चेत सांघिक स्पर्धेतले सर्वांत कटकटीचे काम राहून गेले आहे. वैयक्तिक स्पर्धेत जोडी लागली की कोण कोणाशी खेळणार हे ठरलेले असते. सांघिक स्पर्धेत जोडी संघांची लागते, आणि त्या फेरीत पाचांपैकी कोणते चार खेळणार हे कर्णधाराने कळवायचे असते. नोंदणीच्या वेळी दिलेला क्रम स्पर्धा संपेपर्यंत बदलत नाही. दुसऱ्या पटाचा खेळाडू विश्रांतीला बसला, तर तिसरा दुसऱ्या पटावर सरकतो, चौथा तिसऱ्यावर आणि राखीव खेळाडू चौथ्यावर येतो. राखीव खेळाडूला थेट दुसऱ्या पटावर बसवता येत नाही. हा नियम प्रत्येक कर्णधाराला पाठ असतो, आणि तरीही प्रत्येक स्पर्धेत कोणीतरी तो मोडतोच.

आता ३६ कर्णधारांचे ३६ कागद एका माणसाने वाचायचे आणि टंकायचे, तेही वीस मिनिटांत, इतर सर्व कामे सांभाळून. त्यातली निम्मी अक्षरे कर्णधारांनाच लागत नाहीत. वेबवरच्या चांगल्या प्रणालीत कर्णधार आपल्या पाच नावांपैकी न खेळणाऱ्याचे नाव निवडतो आणि उरलेल्यांचा क्रम प्रणालीच लावते, त्यामुळे चुकीचा क्रम दिलाच जात नाही. शिवाय पहिल्या नावाच्या संघाला पहिल्या आणि तिसऱ्या पटावर पांढरी मोहरी मिळतात हेही तिथेच प्रत्येकासमोर दिसते, आणि "आज मला काळी की पांढरी?" हा प्रश्न पंचाला चार वेळा ऐकावा लागत नाही.

जोड्या कोण लावतो यापेक्षा याद्या कोण टंकतो हे पाहा. माझे मत वेबला.

लाल_पेन
न_खेळणारा_कर्णधार यांनी अडचण अचूक मांडली आहे, परंतु उपायाबद्दल मी असहमत आहे. पंच म्हणून माझा अनुभव असा की, कर्णधारांच्या हाती नोंद दिली की टंकण्याचे कष्ट वाचतात आणि भांडणे वाढतात. "मी बदल केला होता, तो जतन झाला नाही", "वेळ संपण्याआधी बटण दाबले होते", "माझ्या फोनवर वेगळेच दिसत होते", या तक्रारींचा निवाडा करायचा कशावरून? प्रणालीने प्रत्येक बदलाची वेळ आणि तो करणाऱ्याचे नाव जपून ठेवले असेल आणि पंचाला ते पाहता येत असेल, तर ठीक. ही सोय नसेल, तर कर्णधाराच्या सहीचा कागद हजार पटींनी बरा. त्यावर वाद झाला तर तो दोन मिनिटांत मिटतो, कारण कागद टेबलावर असतो आणि सही त्यांचीच असते.

गणिताचा_तास
मला तिसराच मुद्दा मांडायचा आहे, आणि तो दोन्ही प्रकारांना लागू आहे. स्पर्धेचे बक्षीस शेवटी टायब्रेकवर, म्हणजे गुण सारखे झाल्यावर क्रम लावण्याच्या निकषावर, ठरते, आणि टायब्रेकचे नाव सारखे असले तरी गणित वेगळे असू शकते.

ऑलिम्पियाडचेच उदाहरण घ्या. २००८ च्या ड्रेसडेन ऑलिम्पियाडपासून क्रमवारीसाठी आधी सामन्याचे गुण पाहिले जातात: विजयाला २, बरोबरीला १, पराभवाला ०. चेन्नईच्या २०२२ च्या ऑलिम्पियाडमध्ये खुल्या गटात उझबेकिस्तान आणि आर्मेनिया या दोघांचेही १९ गुण झाले आणि सुवर्णपदक टायब्रेकवर उझबेकिस्तानला मिळाले. तिथला टायब्रेक म्हणजे सॉनबोर्न-बर्गरचा ऑलिम्पियाडसाठीचा प्रकार. प्रत्येक प्रतिस्पर्धी संघाने स्पर्धेत मिळवलेले सामन्याचे गुण घ्यायचे, त्यांना आपण त्या संघाविरुद्ध मिळवलेल्या पटांच्या गुणांनी गुणायचे, सगळ्यांची बेरीज करायची आणि सर्वांत कमी सामना-गुण असलेल्या प्रतिस्पर्ध्याचा हिस्सा वगळायचा. समजा, शेवटी ९ गुणांवर थांबलेल्या संघाला तुम्ही अडीच-दीडने हरवले, तर त्या सामन्याचे २२.५. दहा गुणांच्या संघाकडून दीड-अडीच असे हरलात, तरी १५ मिळतातच.

वैयक्तिक स्पर्धेतला नेहमीचा सॉनबोर्न-बर्गर असा चालत नाही. तिथे हरवलेल्यांचे पूर्ण आणि बरोबरी केलेल्यांचे अर्धे गुण मोजतात, पराभवाचे काहीच नाही. सॉफ्टवेअरच्या यादीत हे प्रकार एकाखाली एक, जवळजवळ सारख्याच नावांनी दिलेले असतात. चुकीचा निवडला गेला तर सहाव्या फेरीपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही आणि बक्षीस समारंभात तिसऱ्या क्रमांकाचा कर्णधार कॅल्क्युलेटर घेऊन येतो.

तेव्हा निवड कशाचीही करा, पण आधी एका छोट्या काल्पनिक स्पर्धेचे टायब्रेक हाताने काढून ताडून पाहा. बाय मिळालेल्या (म्हणजे जोडीला कुणी न उरल्याने न खेळताच गुण मिळालेल्या) संघाला आणि पुढे चाल मिळालेल्या सामन्याला प्रणाली या गणितात कसे धरते, हे मुद्दाम तपासा. बहुतेक वेळा फरक तिथेच निघतो.

मागचे_प्यादे
गणिताचा_तास, मन:पूर्वक आभार. बायचा प्रश्न आम्हालाही पडणार आहे, कारण एखादा संघ आयत्या वेळी आला नाही तर ३५ उरतील. सामन्याचे गुण आणि पटांचे गुण बायसाठी वेगवेगळे ठरवता येतात का?

तिरका_उंट
सांघिक स्पर्धांसाठी मुरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ते ठरवता येतात. ही सोय नसेल तर ते सॉफ्टवेअर सांघिक स्पर्धेसाठी लिहिलेले नाही, वैयक्तिक स्पर्धेच्या प्रणालीला संघांचे ठिगळ जोडलेले आहे, असे समजा. आणखी एक गोष्ट पाहा: जोड्या कोणत्या गुणांच्या आधारे लागतात, सामन्याच्या की पटांच्या. पहिल्याच खिडकीत हा पर्याय असतो आणि घाईत तो आहे तसाच सोडला जातो.

चार_हुकूम
मी बुद्धिबळातला नाही, ब्रिज या पत्त्यांच्या खेळातला आहे; परंतु विषय सांघिक गुणांकनाचा असल्याने लिहितो. आमच्याकडे संघाचे चौघे दोन टेबलांवर बसतात आणि तीच पाने दोन्ही टेबलांवर खेळली जातात. दोन टेबलांवरच्या गुणांतला फरक आयएमपीमध्ये (इंटरनॅशनल मॅच पॉइंटमध्ये) बदलतात: १० गुणांपर्यंतच्या फरकाला शून्य, २० ते ४० ला १, आणि असे करत ४००० च्या वर २४. त्यांची बेरीज मग २० पैकी व्हिक्टरी पॉइंटमध्ये जाते, आणि २०१३ पासून जागतिक संघटनेच्या पट्टीत ते दोन दशांश स्थळांपर्यंत मोजतात. हे सारे हाताने करणे आता कुणाला नको असते.

माझा मुद्दा मात्र प्रसिद्धीचा आहे. वेबवरच्या प्रणालीची जाहिरात "निकाल क्षणात सर्वांना" अशी केली जाते. ब्रिजमध्ये एका टेबलाचा निकाल क्षणात सर्वांना दिसला आणि दुसऱ्या टेबलावर ती पाने अजून खेळायची असली, तर सामन्याचाच निकाल लागला म्हणायचे. त्यामुळे निकाल केव्हा उघड करायचा हे आयोजकाच्या हाती आहे की प्रणालीच्या, हे आम्ही सर्वांत आधी विचारतो. बुद्धिबळात याची झळ बसत नसावी.

न_खेळणारा_कर्णधार
@चार_हुकूम, इतर पटांचे निकाल बुद्धिबळात सर्वांच्या डोळ्यांसमोरच असतात, त्यामुळे निकालांत लपवण्यासारखे काही नाही. याद्यांचे मात्र तसेच आहे. माझ्या संघात कोण बसणार हे समोरच्या कर्णधाराला त्याची यादी देण्याआधी दिसले, तर तो त्याप्रमाणे आपला माणूस बसवेल. म्हणून दोन्ही याद्या एकाच वेळी उघड झाल्या पाहिजेत. तुमचा प्रश्न आम्हालाही विचारायला हवा.

विरोधी_बाकावरून
वादविवाद स्पर्धांमध्येही हेच आहे. आमच्याकडे शेवटच्या काही फेऱ्यांचे निकाल बाद फेरीचे संघ जाहीर होईपर्यंत मुद्दाम झाकून ठेवतात. तिथे टॅबीकॅट नावाची मुक्त स्रोत प्रणाली बरीच वापरली जाते. ती ब्राउझरमध्ये चालते, पण इंटरनेटवरच्या सर्व्हरवर ठेवायची की आपल्याच संगणकावर बसवायची हे आयोजक ठरवतो.

म्हणून डेस्कटॉप की वेब ही विभागणीच मला थोडी फसवी वाटते. प्रणाली ब्राउझरमधली, पण सर्व्हर दालनातल्याच लॅपटॉपवर आणि सर्वांचे फोन दालनातल्या राउटरला जोडलेले, अशीही रचना करता येते. इंटरनेट गेले तरी काम चालू राहते, आणि दोन दालनांतून नोंदीही करता येतात.

मागचे_प्यादे
ही कल्पना मला फारच आवडली. यात काही गोम आहे का?

तारांचा_गुंता
आहे, आणि ती प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय कळत नाही. ज्या वायफायला इंटरनेट नाही त्याला जोडलेला फोन पुष्कळदा आपणहून मोबाइल डेटाकडे वळतो, आणि मग दालनातला सर्व्हर त्याला सापडत नाही. पंच म्हणतो, प्रणाली बंद पडली. प्रणाली म्हणते, पंच आलाच नाही. यावर उपाय म्हणजे पंचांना दिलेल्या फोनमध्ये मोबाइल डेटा बंद ठेवणे, आणि सर्व्हरच्या लॅपटॉपचा पत्ता राउटरमध्ये कायमचा बांधून टाकणे. दोन दालनांमध्ये जाड भिंत असेल तर दुसऱ्या दालनापर्यंत केबल ओढावी, वायफायवर विसंबू नये.

आणि सर्वांत मोठी गोम अशी की, हे सारे सांभाळणारा एक जाणता माणूस दोन्ही दिवस तिथे बसलेला असावा लागतो. असा माणूस तुमच्याकडे असेल, तर तो खेळणाऱ्यांपैकी नाही ना, एवढे आधी विचारा.

अर्धा_गुण
तो नेहमी पहिल्या पटावर खेळत असतो.

लाल_पेन
डेस्कटॉपच्या बाजूने इतके बोलले गेले आहे, तर त्याची दुखरी बाजूही सांगतो. स्पर्धेची सगळी नोंद एका फाइलमध्ये असते. दुसऱ्या दालनातल्या पंचाला मदत म्हणून ती फाइल पेन ड्राइव्हवर दिली, आणि दोघांनीही तीत निकाल भरले, की दोन फाइली तयार होतात आणि दोन्ही अपुऱ्या. मग "अंतिम", "अंतिम नवी", "अंतिम नवी दुरुस्त" अशी नावे सुरू होतात, आणि जोड्या कोणत्या फाइलवरून लागल्या हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. वेबवर ही भानगड नाही. नोंद एकच असते आणि सर्व जण तीच पाहतात. डेस्कटॉप घेणार असाल तर फाइल एका लॅपटॉपवरच राहील, दुसऱ्या दालनातून निकालाच्या चिठ्ठ्याच येतील, आणि प्रत्येक फेरीनंतर फाइलची प्रत फेरीच्या क्रमांकाने वेगळी ठेवली जाईल, अशी शिस्त लागते.

चुकीच्या निकालाबद्दलही ठरवून ठेवा. चौथ्या फेरीतला एक पट उलटा भरला गेला आणि पाचव्या फेरीच्या जोड्या जाहीर झाल्यावर ते उघडकीस आले, तर निकाल दुरुस्त करायचा, पण जाहीर झालेल्या जोड्यांना सहसा हात लावायचा नाही. काही वेबवरच्या प्रणाली जुना निकाल बदलला की पुढच्या जोड्या पुन्हा लावायच्या का असे विचारतात. त्या प्रश्नाला घाईत "हो" म्हणणारा माणूस दालनात असू नये.

निळी_शाई
स्पर्धा सुरू असताना सॉफ्टवेअर बदलू शकते, हाही मुद्दा आहे. आम्ही वापरलेल्या एका वेबवरच्या प्रणालीने स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी नवी आवृत्ती आणली आणि निकाल भरण्याचा पडदा वेगळा दिसू लागला. काम अडले नाही, पण पंचांचा विश्वास उडाला. डेस्कटॉपवर नवी आवृत्ती कधी घ्यायची हे आपण ठरवतो, आणि स्पर्धेच्या आठवड्यात ती घ्यायची नसते.

शिवाय मुलांच्या जन्मतारखा आणि पालकांचे फोन क्रमांक परक्या सर्व्हरवर चढवायचे का, याचाही विचार समितीने करावा. जोड्या लावायला फोन क्रमांक लागत नाही.

तिरका_उंट
निळी_शाई यांच्या मुद्द्याला जोडून: प्रणाली कोणतीही असो, तिच्यातून नोंद बाहेर काढता आली पाहिजे. फिडेला, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेला, मानांकनासाठी जो अहवाल जातो त्याचा टीआरएफ हा साध्या मजकुराचा आराखडा आहे. प्रत्येक खेळाडूची ओळ ००१ ने सुरू होते, संघाची ०१३ ने, आणि प्रत्येक गोष्टीचा रकाना ठरलेला असतो. एका सॉफ्टवेअरमधून काढलेली ही फाइल दुसऱ्यात उघडून पाहता येते, त्यामुळे निम्म्या स्पर्धेत प्रणाली बदलायची वेळ आलीच तर खेळाडू आणि त्यांचे निकाल तरी हाताशी राहतात.

मात्र सांघिक स्पर्धेत त्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. २०१६ च्या आराखड्यात संघाच्या ओळीत संघाचे नाव आणि खेळाडूंचे क्रमांक एवढेच असते. संघाला दिलेला बाय किंवा दंड म्हणून कापलेला सामन्याचा गुण त्यात येत नाही. ते कागदावर वेगळे लिहून ठेवावे लागते.

सहा_पदरी
संघ दहाच असते तर एवढ्या चर्चेची गरज नव्हती. साखळी पद्धतीने ९ फेऱ्या, ४५ सामने, बर्गरच्या तक्त्यावरून (साखळीतल्या जोड्यांचा ठरलेला तक्ता) जोड्या आधीच छापून भिंतीवर, आणि गुणांसाठी साधी स्प्रेडशीट.

गणिताचा_तास
@सहा_पदरी, त्या साध्या स्प्रेडशीटचे सूत्र कुणी मध्येच एक रांग घालून मोडले, की तीही साधी राहत नाही. बाकी सहमत.

मागचे_प्यादे
सर्वांचे वाचून काल समितीची बैठक घेतली. जोड्या, निकाल आणि टायब्रेक डेस्कटॉपवर, एकाच लॅपटॉपवर. प्रत्येक फेरीनंतर निकाल आणि जोड्या वेबवर. माझा कल वेबकडे होता, पण दालनातल्या सर्व्हरला लागणारा माणूस आमच्याकडे नाही (तो खरोखरच पहिल्या पटावर खेळतो). दुसऱ्या दालनातून दर फेरीला एक स्वयंसेवक निकालाच्या सह्या केलेल्या चिठ्ठ्या घेऊन येईल.

आता अडले आहे ते न_खेळणारा_कर्णधार यांनी दाखवलेल्या जागीच. ३६ याद्या टंकायच्या कशा? याद्यांपुरता एक ऑनलाइन फॉर्म ठेवावा असे सुचवण्यात आले आहे.

न_खेळणारा_कर्णधार
फॉर्म ठेवाल तर फॉर्ममधून लॅपटॉपवर पुन्हा टंकावेच लागेल, म्हणजे काम तेच आणि चुकण्याची जागा एक जास्त. वेब घेतले असते तर हा प्रश्नच नव्हता, हे पुन्हा नोंदवतो.

लाल_पेन
३६ याद्या टंकायची गरजच नाही. नियमपत्रिकेत असे लिहा की, पहिल्या फेरीला नोंदणीतले पहिले चौघे खेळतील, आणि त्यानंतर कर्णधाराने बदल कळवला नाही तर मागच्या फेरीची यादी कायम राहील. सॉफ्टवेअरमध्ये मागच्या फेरीची यादी पुढे आणण्याची सोय आहे ना, एवढे पाहून घ्या. मग बदल करणारे संघच चिठ्ठी देतील. चिठ्ठी छापील ठेवा, पाचही नावे नोंदणीच्या क्रमाने आधीच छापलेली. कर्णधाराने न खेळणाऱ्याच्या नावावर काट मारायची आणि सही करायची. क्रम चुकण्याचा प्रश्न येत नाही, अक्षर लावण्याचाही नाही.

मागचे_प्यादे
हे नेमके हवे होते. चिठ्ठी जोड्या जाहीर होण्याआधी घ्यावी की नंतर?

लाल_पेन
नंतर. समोर कोण आहे हे कळल्याशिवाय कर्णधार माणूस बसवत नाहीत, आणि आधी घेतलीत तर जोड्या लागताच निम्मे जण ती बदलायला येतील. जोड्या जाहीर झाल्यापासून आठ मिनिटे द्या, वेळ दालनातल्या एकाच घड्याळावरून मोजा, आणि चिठ्ठ्या बंद पेटीत घ्या म्हणजे एकाची दुसऱ्याला दिसणार नाही. वीस मिनिटांतली आठ इथे गेली, तर निकाल भरून जोड्या लावायला बारा उरतात, आणि तेवढ्यातच याद्या टंकून पटांवरची नावेही लावायची आहेत. हे तुमच्या लॅपटॉपवर जमते का, हे आधी ७२ खोटे निकाल भरून पाहा. जमत नसेल तर मध्यांतर पंचवीस मिनिटांचे करा. वेळापत्रक अजून छापलेले नसेल, तर हे आजच ठरवता येईल.